मूळची मंडळी

पप्पा, आई आता जेवणाआधी प्रार्थना करत नाही. ताट समोर आलं की मुकाट्यानं पहिला घास उचलते आणि खाली बघत जेवते. तुमच्या वेळी आपल्या घरात देवाचे आभार मानल्याशिवाय कोणी भाकरी मोडत नसे. हे असं का झालं ते तुम्हाला सांगावं असं गेले दोन महिने मनात आहे. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा घाई अशी काही नाही. पण दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नाही.

आकुर्डीच्या आपल्या दोन खोल्या मला अजून तशाच दिसतात. रविवारी आपापली उपासना आटोपून तुमचे कारखान्याच्या टूलरूममधले दोन मित्र यायचे, एक वसईचे कॅथलिक काका आणि दुसरे केरळचे सीरियन ख्रिस्ती काका. आत आई मटण शिजवते आहे आणि बाहेर तुम्हा तिघांचा नेहमीचा वाद चाललाय, की येशूनं स्थापलेली मूळची मंडळी, म्हणजे चर्च, कोणाची. वसईचे काका म्हणायचे, येशूनं आपल्या शिष्याच्या, पेत्राच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या, पेत्र रोमला गेला, त्याच्या गादीवर आजही पोप बसलेला आहे, आणखी काय पाहिजे. केरळचे काका म्हणायचे, येशूचा शिष्य थोमा आमच्या किनाऱ्यावर उतरला, आम्हाला रोमनं शिकवायची गरजच पडली नाही. तुम्ही नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेले, तुम्ही मांडीवरचं शास्त्र, बायबल, वर धरायचे. म्हणायचे, मास्टर गेज, सगळ्या मापांचं मूळ माप, हे आहे, बाकीचे सगळे गेज याच्याशी ताडून बघायचे. त्यावर वसईचे काका शांतपणे विचारायचे, आणि मास्टरला सर्टिफिकेट कोणी दिलं? कुठली पुस्तकं शास्त्रात घ्यायची हे आमच्याच लोकांनी बसून ठरवलं ना? मग तुम्ही हसून त्यांच्या ताटात आणखी एक नळी वाढायचे.

एकदा नाताळात वसईच्या काकांनी घरचा केक आणला होता आणि मी तो घेतला नाही. संडे स्कूलमध्ये कोणीतरी सांगितलं होतं की ते मूर्तीपुढं गुडघे टेकतात, ते खरे ख्रिस्ती नाहीत. मी ते तसंच त्यांच्या तोंडावर बोलले. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही. फक्त एवढंच म्हणालात, "वाद आमचा आहे. तू अजून कोणाला खोटं म्हणायच्या लायकीची झालेली नाहीस." मग काकांच्या समोर बसवून तुम्ही मला केक खायला लावलात. शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

मामा चाकणच्या कंपनीत लागला आणि कुरुळीत खोली घेऊन राहिला, तेव्हापासून हवा बदलली. त्यानं दहा-बारा घरं जमवून पत्र्याच्या शेडमध्ये उपासना सुरू केली. शेडवर पाटी नव्हती, कारण येशूच्या शिष्यांच्या काळी, पहिल्या शतकात, पाट्या नव्हत्या. आत खिडकी नव्हती, पंखा एकच, आणि मामाचा आवाज पत्र्यावर आपटून परत यायचा. त्याचं म्हणणं साधं होतं. रोमवाले चुकले, केरळवाले चुकले, मिशनवालेही चुकले. प्रेषितांची, म्हणजे त्याच शिष्यांची, मूळची मंडळी मध्यंतरी हरवली होती, ती आता परत उभी राहते आहे, आणि जो तिच्यात नाही तो नरकात जाईल. आई आपल्या धाकट्या भावाचं ऐकून नदीत बुडी मारून बाप्तिस्मा घेऊन आली. तुम्ही तिला अडवलं नाहीत. ओल्या केसांनी ती दारात उभी राहिली तेव्हा तुम्ही टॉवेल पुढं केलात आणि विचारलंत, थंडी वाजली का.

पण मामा तुमच्या मागंच लागला. आपल्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून, आवाज न चढवता तो म्हणाला, "दाजी, तान्हेपणी तुमच्यावर पाणी शिंपडलं, त्याला बाप्तिस्मा म्हणत न्हाईत. तुम्ही असेच गेलात तर आक्का तिकडं स्वर्गात एकटीच राहील." आई चपात्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. तुम्ही म्हणालात, "मला एकदा दिलाय. देव विसरलेला नाही." विषय तिथंच संपला असं मला वाटलं. तो आईच्या डोक्यात जाऊन बसला होता.

नंतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. पिंपरीतल्या दवाखान्यात तुम्ही डोळे उघडे ठेवून पडलेले, बोलणं गेलेलं, डावा हात तेवढा हलत होता. आपल्या मंडळीचे पाळकसाहेब सकाळी येऊन प्रार्थना करून गेले. चार वाजता, भेटायच्या वेळेत, मामा आला. आई वॉर्डच्या दारात उभी राहून नर्सवर लक्ष ठेवत होती, त्यावरून मला कळलं की दोघांचं आधीच ठरलं आहे. मामानं पाण्याची बाटली उघडली आणि मला तुमचं डोकं उचलून धरायला सांगितलं. मी 'नाही' म्हणू शकले असते. तुमचं मत मला माहीत होतं, त्या खोलीत ते सांगू शकणारी मी एकटीच होते. मी डोकं उचलून धरलं. ज्यानं शिंपडण्याला आयुष्यभर नावं ठेवली त्यानं तुमच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हटलं. तुमचा हात वर आला. मामा म्हणाला, बघा, दाजींनी हात वर केला. मला वाटलं तुम्ही पाणी पुसताय. तुम्ही माझ्याकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. पाळकसाहेबांनी तुम्हाला आपल्या दफनभूमीत मूठमाती दिली, आणि त्यांना आम्ही काही सांगितलं नाही.

पंधरा वर्षं आई निर्धास्त होती. मग गेल्या वर्षी शेडमधली मंडळी फुटली. एक तिशीतला उपदेशक बरीच घरं घेऊन वेगळा झाला. तो म्हणतो, प्रेषित फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा देत, पिता, पुत्र, आत्मा ही तिघांची नावं नंतर घुसली, म्हणून मामानं आजवर दिलेले सगळे बाप्तिस्मे रद्द. मामा आता चार घरं घेऊन जुन्या शेडमध्ये बसतो आणि म्हणतो, मूळचे आम्हीच. आईनं ते ऐकलं आणि तिची झोप गेली. मी कंपनीतून आले की ती दाराशीच उभी असे. एक दिवस म्हणाली, "माझं एक वेळ होईल गं, मी चालतीफिरती हाय. त्यांचं काय? त्यांनाबी त्यानंच दिला व्हता." मी म्हटलं, पप्पांना लहानपणीच मिळाला होता. तान्हेपणीचा तिच्या लेखी बाप्तिस्माच नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी मी तिला नव्या बाप्तिस्म्यासाठी गाडीतून इंद्रायणीच्या काठी नेलं. नेलं नसतं तर ती रिक्षानं गेली असती. कोणी गात नव्हतं. पंधरा-वीस माणसं पांढऱ्या कपड्यांत ओळीनं उभी होती आणि पाण्यावर कारखान्यांचा फेस तरंगत होता. तो उपदेशक हातानं फेस बाजूला सारायचा, माणसाला खाली दाबायचा, वर काढायचा, आणि मोकळी जागा लगेच पुन्हा फेसानं भरून यायची. शहात्तर वर्षांची आई गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली. तिनं विचारलं, "माझ्या मालकांचं काय?"

उपदेशकानं मामाचं नाव घेतलं, तुमची हकीकत त्याला माहीत होती. तो प्रेमानंच बोलला. म्हणाला, "मेलेल्यांसाठी दार बंद झालंय, आजी. तुम्ही तुमचं बघा."

आईनं भिजलेला काठ मुठीत धरला. तिच्या मागची माणसं थंडीनं कुडकुडत होती. मग ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या," आणि वळून काठाकडं चालू लागली.

मला त्या क्षणी हायसं वाटलं, पप्पा. वाटलं, सुटलो. गाडीत बसल्यावर तिनं साडीचा काठ पिळला आणि सरळ आवाजात सांगितलं की तुम्ही जिथं असाल तिथंच ती येणार. तिला वाटतं तुम्ही नरकात आहात. त्यात तिला आता शंका राहिलेली नाही, आणि तिनं ठरवून टाकलं आहे. प्रार्थना का करत नाही म्हणून विचारलं तर म्हणाली, "उगं केली अन् त्यानं ऐकली तर? मग मी हिकडं अन् ते तिकडं." नदीवर नेसलेली पांढरी साडी तिनं कामवालीला दिली, शास्त्र कपाटावर ठेवलं. पाळकसाहेब येऊन तासभर बोलले, तिनं त्यांना चहा दिला. वसईचे काका आता काठी टेकत चालतात, तेही आले. त्यांनी सांगितलं की आमच्यातसुद्धा तुमच्या नवऱ्याचा लहानपणचा बाप्तिस्मा खराच धरतात, तो एकदाच होतो, त्याला कोणी पुसू शकत नाही. आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही तिघं इतकी वर्षं भांडलात. मूळचं कोण ते ठरलं का? मग मी कुणाचं धरू?" काकांनी काठी उचलली. जाताना जिन्यात त्यांनी माझा हात धरला.

डॉक्टर म्हणतात, तिचं हृदय थकलंय, फार दिवस धरू नका. तीही ते जाणून आहे आणि एखाद्या गावाला निघायचं असावं तशी आवराआवर करते. मी तिला सांगू शकते की हे सगळं खोटं आहे, पप्पा तिथं नाहीत. रोज सांगायचं ठरवते. पण माझं तोंड उघडत नाही, आणि का उघडत नाही ते मी तुम्हालाच सांगू शकते. हा कागद घरात ठेवता येणार नाही, आईला वाचता येतं. लिहून झालं की फाडीन.

त्या दिवशी आई पाण्यातून वळली तेव्हा मी चपला काढून, पदर खोचून, ओळीच्या शेवटी उभी होते. तिनं विचारलं, तू का गं अशी? मी म्हटलं, तुला धरायला येत होते. ते खोटं होतं, पप्पा; माझीही खात्री नव्हती, मी स्वतः बाप्तिस्मा घ्यायला उभी होते.