गुडघ्यांसाठी सोडलेलं धान्य

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

सिडको, औरंगाबाद
माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप वन्संबाईंच्या पायांवर डोकं ठेवून (आणि बराच वेळ न उचलता) धाकट्या भावजयीचा, सुगंधाचा नमस्कार.

इकडं सगळी खुशाली आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुमचे आप्पा, म्हणजे आमचे हे, पाळी बदलली तरी कंपनीत वेळेवर जातात. माझे गुडघे इतके बरे आहेत की त्यांचं नाव काढायला लाज वाटते. का, ते पुढं येईल. तुमच्या तब्येतीची चौकशी करावी तर ती सोनाजीच्या कार्डानं आधीच कळवली. सोयगावात बसून तुम्ही धान्य सोडलं, नुसत्या ताकावर आहात, परवा गोठ्यात चक्कर येऊन म्हशीच्या अंगावर पडलात (म्हैस शहाणी, म्हणून वाचलात), आणि सोनाजीला इथल्या कंपनीत नोकरी लागेपर्यंत भाकरीला शिवणार नाही म्हणता. का, तर ‘सुगंधानं धान्य सोडलं, तिला देव पावला, मग मला का पावणार नाय?’ हे वाचलं आणि माझ्या हातातलं कार्ड गळून परातीतल्या पिठात पडलं. वन्संबाई, ह्यांनी साहेबांच्या कानावर घातलंय, पण कंपनीचं फाटक आपल्या गोठ्याच्या फाटकासारखं ढकललं की उघडत नाही. ते उघडेपर्यंत तुम्ही राहायला पाहिजे. म्हणून जे मला देवापुढंही नीट बोलता आलं नाही, ते तुम्हाला लिहिते. (सोनाजी, आईला तूच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच. आणि हसू नको, तुझी मामी रडत लिहितेय.)

तुम्हाला माझे उपास माहीत आहेत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, चतुर्थी, एकादशी, आणि मधे एखादा दिवस मोकळा सापडला तर कुणाचा तरी नवस. इतके उपास करून माणूस वाळायला पाहिजे. मी फुगत चालले. दोन जिने चढले की गुडघे असे कुरकुरायचे की खालच्या मजल्यावरच्या कडूबाई दार उघडून बघायच्या. शेवटी हे मला डॉक्टर बद्रीनाथांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी उपासाला काय खाता विचारलं. मी भक्तिभावानं सांगितलं: साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याचा कीस, रताळं, भगर, आमटी, केळं आणि दर वेळी साखरेचा चहा. डॉक्टर म्हणाले, ‘बाई, तुमच्या उपासानं एक कुटुंब जेवेल.’ मग त्यांनी परदेशातलं कुठलंसं पुस्तक काढलं आणि सांगितलं, धान्य बंद, साखर बंद, साबुदाणा-बटाटा तर नावही काढू नका. काही दिवस नुसतं मटण, अंडी आणि मासे. (हे सांगताना त्यांनी तोंड भिंतीकडं केलं होतं, कारण ते स्वतः कांदालसूणसुद्धा खात नाहीत.)

आता आपण मेंढरांच्या मागं फिरलेल्या माणसांची लेकरं, आपल्याला मटणाचं काय नवल. पण आपलं मटण कसं? पातेलंभर रस्सा, त्यात घरच्या प्रत्येकाला एक फोड दिसेल न दिसेल, आणि बाकी सगळी भाकरीची करामत. इथं माझ्यापुढं नुसत्या फोडी. पहिल्या दिवशी मी हात घातला आणि बोटांना कळेना काय करावं. कुस्करायला काही नाही. रस्सा आहे, त्याला धरायला कुणी नाही. दोन दिवस गंमत वाटली, मग मला जत्रेतल्या बोकडाची स्वप्नं पडायला लागली. त्यात बोकड भाकरी खात असायचा आणि मी नुसती बघत उभी. तोंडाला वास यायचा म्हणून वेलदोडा चघळत राहायचे. उपासाच्या वारी मटण नाही आणि फराळही नाही, म्हणून नुसतं पाणी आणि बिनदुधाचा चहा. शहागंजातला मटणवाला मुनीरभाई म्हणायचा, ‘भाभी, रोज रोज? घर में शादी है क्या?’ मी घरखर्चाच्या वहीत ते ‘औषध’ या सदरात लिहायचे. ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. माझं औषध मला पुरावं म्हणून स्वतः वरण-भाकर खायचे, डब्यातही तीच न्यायचे.

इथंपर्यंत पाप नव्हतं, वन्संबाई. पाप पुढं झालं. कडूबाईंकडं कसलासा कार्यक्रम होता आणि त्या पुरणपोळीचं ताट घेऊन वर आल्या. मी म्हणाले, ‘नको हो, मी धान्य सोडलंय.’ ह्यात खोटं काय होतं? पुढचं वाक्य, ‘आणि मटण धरलंय’, माझ्या ओठावर आलं होतं. पण तोवर कडूबाईंनी ताट खाली ठेवून हात जोडले होते. ‘अगं बाई! कशापायी सोडलं?’ आता गुडघ्यापायी म्हणून कसं सांगावं? मी देव्हाऱ्याकडं बघितलं. मला वेळ काढायचा होता, वन्संबाई, दुसरं काही नव्हतं. कडूबाईंनी त्या बघण्याचा अर्थ लावला आणि डोळे पुसत खाली गेल्या. (पुरणपोळी ठेवून गेल्या. ती ह्यांनी खाल्ली.)

शहराचे दिवस कसे होते ते तुम्ही ऐकलंच असेल. विद्यापीठाच्या नावावरून रोज मोर्चा, बंद, दगडफेक. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी कुठल्या रस्त्यानं येईल याचा भरवसा नव्हता. अशा वेळी वरच्या मजल्यावरच्या बाईनं धान्य सोडलं म्हटल्यावर ते गुडघ्यांसाठी असेल हे कुणाच्या मनात यावं? आधी ठरलं की शहर शांत व्हावं म्हणून सोडलं. मग पाण्याच्या नळावर दोन तट पडले. एक तट म्हणे, नाव बदलावं म्हणून सोडलं. दुसरा म्हणे, बदलू नये म्हणून. दोन्हीकडच्या बाया वेगवेगळ्या वेळी येऊन माझ्या पाया पडून जायच्या आणि जिन्यात एकमेकींना भेटल्या की तोंड फिरवायच्या. मी दोघींना ‘देव बघतो’ एवढंच सांगायचे. तो बघत होता, तीच तर भीती होती. मटणानं माझं अंग उतरलं, पोलकी सैल झाली. बाया म्हणाल्या, ‘काय हो तपाचं तेज!’

आणि मटणाचा वास? तो सगळ्या चाळीला यायचा. त्याचाही अर्थ लावला गेला. कडूबाई ह्यांना जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘भावजी, जनाची नाय तर मनाची तरी! बाई उपाशी मरतीय अन् तुम्ही तिच्याकडून रोज मसाला वाटून घेताय?’ तुमचे आप्पा तुम्हाला माहीत आहेत. त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि वर आले. कंपनीच्या फाटकावरसुद्धा लोक त्यांना ‘काय बकासुर’ म्हणायला लागले. मी म्हटलं, ‘मी सांगून टाकते.’ हे म्हणाले, ‘आता? एवढ्या बाया पाया पडल्यावर?’ आणि खरं लिहू का, मला पाया पडून घ्यायची गोडी लागली होती. (सोनाजी, हे वाक्य मनात वाच.)

एक मात्र मी विसरणार नाही. मागच्या ओळीत गयाबाई राहतात. त्यांचे यजमान आणि आपले आप्पा एकाच मशीनवर. त्या दंग्यात त्यांच्या भावाचं घर जाळलं गावाकडं, तो लेकरंबाळं घेऊन गयाबाईंकडं येऊन राहिलाय. गयाबाई माझ्या पाया पडल्या नाहीत. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाई, आमच्याकडचं एवढं गेलं, जातीबाहेरच्या कुणी येऊन विचारलं नाय. तुमी उपाशी राहिलात.’ चुलीवर माझी कलेजी शिजत होती. वन्संबाई, त्या दिवशी मला धरणी दुभंगून हवी होती, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो.

मग खंडोबानं हिशोब केला. कडूबाई सात-आठ बायांना घेऊन घरात आल्या, हे नुकतेच पाळी संपवून पाय पसरून बसले होते. बायांनी आमच्या देव्हाऱ्यातला भंडारा ह्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, ‘सुगंधाबाईंचं व्रत संपेपर्यंत ह्या घरात मटण, अंडं, मासळी काही येणार नाय, घ्या शपथ.’ ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. ह्यांनी भंडाऱ्यावर हात ठेवला. झालं! आता मटण बंद, अंडंही बंद, धान्य तर बंदच. भंडाऱ्याची शपथ मोडायची म्हणजे आपल्या कुळात काय, ते तुम्हाला सांगायला नको. ज्या उपासाची कीर्ती झाली होती तो त्या घटकेला खरा सुरू झाला. मी नुसत्या पाण्यावर आले. वरून शहरात संचारबंदी लागली, बाया चाळीबाहेर पडू शकेनात, म्हणून आमच्याच घरी येऊन भजन म्हणत बसल्या. माझ्या पोटाची साथ होतीच.

पुढं एका भरदुपारी मला काही सुधरेना. ह्यांच्यासाठी थापलेली भाकरी तव्यावर फुगली आणि मी तिथंच, तव्याजवळ, मिठाच्या खड्याशी ती खाल्ली. दुसरीही खाल्ली. तिसरीला मिरचीचा ठेचा घेतला. अशी भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. वळून बघते तर दारात कडूबाई. मला वाटलं, सुटले. आता शिव्या देतील, थुंकतील, पण सुटले. तर कडूबाई ओरडल्या, ‘अगं बाई! म्हणजे तुम्हाला आधीच कळलं! संचारबंदी उठली ना आत्ता! रेडिओवर सांगितलं!’ आणि जिन्यात जाऊन साद घातली की बाईंना देव पावला, बाईंनी व्रत सोडलं. बायांनी साखर वाटली. दोन्ही तटांनी वाटली. तीच साखर, भुईमुगाच्या शेंगा पोचवायला आलेल्या आपल्या कचरूनं रुमालात बांधून सोयगावला नेली, आणि तुम्ही ती खाऊन धान्य सोडलंत.

शेवटचं सांगते. साखर घेऊन मी गयाबाईंकडं गेले. त्यांनी घेतली आणि हळूच म्हणाल्या, ‘बाई, आमचे मालक अन् तुमचे एकत्र डबा खात्यात. तुमच्या मालकाच्या डब्यात रोज वरण-भाकर. मग घरात मटण खातं कोण, एवढं मला कळत नाय व्हय?’ मी म्हटलं, ‘मग बोलला का नाही?’ म्हणाल्या, ‘आमच्यासाठी कुणीतरी उपाशी राहिलंय, असं भावाला सांगितलं होतं. त्याला लई बरं वाटलं होतं. ते मोडायचं जिवावर आलं.’

वन्संबाई, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. हे म्हणतात, ‘आक्काला नुसतं लिही, देवानं स्वप्नात येऊन सांगितलं, धान्य खा म्हणून.’ ते सोपं होतं. पण एका खोट्यानं तुम्ही गोठ्यात पडलात, दुसऱ्यानं विहिरीत पडाल. तेव्हा खरं ते हे: मला देव पावला नाही. मला मटण पावलं, तेही गुडघ्यांपुरतं. मारा, शिव्या द्या, पुढच्या जत्रेत माझ्या हातचं पाणी घेऊ नका. पण माझं बघून काही करू नका.

तुमच्या पायांची धूळ व्हायच्याही लायकीची न उरलेली,
सुगंधा

ता. क. सोनाजी, हे आधी सुचायला हवं होतं. पत्र वाचण्यापूर्वी आईपुढं ताजी भाकरी आणि दूध ठेव, ती जेवल्यावरच पत्र फोड. आधीच वाचून झालं असेल तर आता ठेव.

ता. क. वन्संबाई, गुडघे खरंच बरे झालेत. तुमचेही दुखतात हे मला ठाऊक आहे. पण आता तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तेव्हा मटणाचा शब्द मी लिहिला नाही असं समजा.

ता. क. सोनाजी, एवढं ऐकूनही ती खात नसेल तर तिला सांग, मामीनं आजपासून पुन्हा धान्य सोडलंय. ह्या खेपेला मटणही नाही, अंडंही नाही, भंडाऱ्यावर हात ठेवलाय, आणि हे चाळीत कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्या आईनं भाकरी खाल्ल्याचं तुझं कार्ड येईपर्यंत. उद्याचा सोमवार माझा तसाही उपास आहे, तो निघेल. पण मंगळवारपासून माझं काही खरं नाही, तेव्हा बाबा, कार्ड आजच्या आज टाक.