तिसरा चौकोन

ता. २२ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आईच्या डोळ्याची पट्टी सुटल्याचं वाचलं. दिसायला लागल्याबरोबर तिने तुझ्या केसांवरून बोलायला सुरुवात केली, म्हणजे ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. तुझ्या कुंडीला पाणी घालते. ऑफिसात नवी खुर्ची आली; अर्थात साहेबांना.

तू विचारलंस, यंत्र आलं का. आलं. भिंतीएवढं आहे, चष्म्याच्या चाळीस काचा एका दमात घासतं. तुझ्या टेबलाशेजारीच बसवलंय. त्याचं माहितीपुस्तक तू आईच्या उशाशी बसून पाठ करतेयस, हे वाचलं आणि पत्र घडी करून डब्याखाली ठेवून दिलं. म्हणून उत्तराला आठ दिवस लागले. सर्दीचं कारण लिहिणार होते.

झालं असं. साहेबांनी एक फॉर्म काढला. 'कामातून तुम्हाला सर्वांत जास्त काय हवं?' चार चौकोन : पद, पगार, सोयीच्या वेळा, चांगले सहकारी. खूण एकावरच. गठ्ठा माझ्याकडे आला. झाडून सगळ्या पुरुषांची खूण पदावर. वॉचमनचीसुद्धा. फाटकावर तो एकटाच असतो, त्याला कुणाच्या वर जायचंय कोण जाणे! बायका सगळ्या तिसऱ्या चौकोनात. साहेब खूश. "बघा बाई, बायकांना काय हवं ते मला न विचारता कळतं." मी म्हटलं, "मग विचारलंत कशाला?" ते खूप हसले. माझे विनोद त्यांना आवडतात, कारण त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही.

यंत्राचा प्रमुख पदवाल्यांतूनच निवडला. तुझ्या पलीकडच्या टेबलावरचे लंबूभाऊ. दुसऱ्याच दिवशी ते माझ्यासमोर उभे. "ताई, फॉर्म बदलता येईल का हो? पोरगी चारला शाळेतून येते, बायको सातला. मला वेळा हव्या होत्या."

"मग खूण का नाही केलीत?"

"शेजारी सगळे बसले होते ना."

मी साहेबांकडे गेले. त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठीही गेले. म्हणाले, "यादी वर गेली, आता काही होत नाही. आणि तुमच्या बहिणीने तर वेळाच मागितल्यात."

तुझा फॉर्म मी भरला, बाळा. मला रजा नाही म्हणून तू आईकडे गेलेलीस, आणि इकडे शेवटचा दिवस होता. वेळा सोयीच्या झाल्या तर तुझी ओढाताण थांबेल, असं वाटलं. फोन हाताशी होता. केला नाही. मलाही न विचारता कळलं.

साहेबांना हे सांगितलं. म्हणाले, "बरोबरच आहे. बहिणीचं मन बहिणीलाच कळणार."

पुन्हा लेखी अर्ज दिलाय. साहेबांच्या ट्रेमध्ये तळाशी आहे. रोज त्यांचं टेबल आवरताना दिसतो.

सोमवारी येशील तेव्हा यंत्रापाशी लंबूभाऊ असतील, घड्याळाकडे बघत. तू साडेचारला सुटशील. तुला मागितलेलं मिळालंय. पुस्तक परत आण. टाकून दे म्हणायची माझी छाती नाही.

तुझी सही अगदी तुझ्यासारखी जमली होती. ही माझी.

ताई