तीन कोपऱ्यांचं दुपटं

कुकटपल्ली, हैदराबाद

तीर्थरूप अक्का,

रामचंद्राचा दोन्ही हात जोडून नमस्कार. उजवा हात अजून डाव्याला पुरता भेटत नाही, तेव्हा हा पाऊण नमस्कार समजावा. उरलेला पाव प्रत्यक्ष भेटीत करीन. तुझी प्रकृती कशी आहे असं फोनवर विचारलं की तू “आहे तशी आहे” म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. तुला अक्षर दिसत नाही म्हणतेस, तर शेजारच्या मृण्मयीबाईंकडून वाचून घे. त्या तिथे बीदरला कन्नड शाळेत शिकवतात, तेव्हा माझं वकिली मराठी त्यांना थोडं जड जाईल. (बाई, कंसातला मजकूर गाळू नका. माझ्या मुद्द्याचं बरंचसं कंसातच असतं, हे कोर्टानेसुद्धा मान्य केलेलं आहे.)

मनगट मोडलं हे तुला माहीत आहे, कसं मोडलं हे रजनीने अब्रू राखण्यासाठी सांगितलेलं नाही. आपल्या सूनबाईला, वृषालीला, सातवा महिना लागला आणि रजनीने जाहीर केलं की येणाऱ्या बाळाचं दुपटं घरच्याच जुन्या मऊ लुगड्यांचं शिवायचं, दुकानातलं नाही. लुगडी माळ्यावर होती. मी माळ्यापर्यंत पोचायला चिरंजीव वरुणची कॉम्प्युटरची खुर्ची घेतली. त्या खुर्चीला चाकं असतात. इतर लोकांच्या निष्काळजीपणावर सबंध वकिली काढलेला माणूस चाकांच्या खुर्चीवर उभा राहिला, विद्यानगरच्या आपल्या जुन्या घरातून आणलेली तुझी हिरवी ट्रंक त्याने ओढली, आणि मग खुर्ची एकीकडे, ट्रंक दुसरीकडे, मी तिसरीकडे असे आम्ही निघालो. ट्रंकेला काही झालं नाही, काळजी नसावी.

ट्रंक उघडली आणि तिच्यातून पिवळे पडलेले पातळ कागद बाहेर पसरले. वृषालीने ते उजेडात धरले तर सगळे भोकाभोकांचे. “आई, सगळ्याला कसर लागलीय,” म्हणत तिने केराची पिशवी आणली. मी जमिनीवर मनगट धरून विव्हळत होतो, पण रजनी माझ्याकडे न येता कागदांकडे धावली. “थांब, हे वन्संचे खाके आहेत.” मग डॉक्टरकडे जाईपर्यंत रिक्षात ती सुनेला शिकवत होती, आणि मी मध्ये बसून ऐकत होतो: कागदावर नक्षी काढायची, रेघेरेघेवर सुईने टोचायचं, तो कागद कापडावर ठेवून वरून रंग फिरवायचा, म्हणजे भोकांतून ठिपके उतरतात आणि ठिपक्यांवरून टाके घालायचे. तुझ्या खाक्यांवरून निम्म्या विद्यानगरच्या रजया आणि उशांचे अभ्रे भरले गेले, हेही तिने सांगितलं. वृषालीला मराठी वाचताना अडखळायला होतं, पण तुझा वेल तिने बोटाने पहिल्या झटक्यात वाचला.

प्लास्टर निघालं तेव्हा हात म्हणजे वाळलेला दोडका झाला होता. मूठ मिटेना. कुलदीप नावाचा व्यायाम शिकवणारा मुलगा घरी येतो, त्याने एक रबरी चेंडू दाबायला दिला. अक्का, खरं सांगतो, त्या दिवसांत मी फार खचलो होतो. सही येत नव्हती, शर्टाचं बटण लागत नव्हतं, वरण-भात डाव्या हाताने चमच्याने खायचा. एकदा मी कुलदीपला म्हटलं, आता राहू दे, या वयात काय हात सुधारायचा. तो रजनीकडे बघायला लागला. रजनी बोलली. तिने चेंडू उचलून फ्रिजवर ठेवला आणि माझ्या हातात सुई दिली. “दुपटं तुम्ही भरा. बाळाला टाके कसे आले ते कळत नाही.”

इथून पुढचा वृत्तांत बसून ऐकावा. खाक्यातून रंग उतरवायला काय लागतं हे विचारायला मी आबिड्सच्या बाजारात गेलो. जरीच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात म्हातारे मालक बसले होते. त्यांनी विचारलं, “किसके वास्ते होना साब? बेगम के वास्ते?” मी म्हटलं, मेरे वास्ते. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पुन्हा पाहिलं, आणि जराही न हसता निळीची पूड दिली. घासलेटमध्ये कालवायची म्हणाले. घासलेट आता कुठे मिळतं? तर म्हणाले, “पेट्रोल चलता, पन घर में नक्को करो.” यातला पहिला भाग मी ऐकला.

वरुणच्या स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढलं, निळीत कालवलं आणि बैठकीच्या खोलीत कापडावर बोळा फिरवला. (खिडक्या बंद होत्या, वाऱ्याने कागद उडतो म्हणून.) थोड्या वेळात वासाने आमच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. सोसायटीचे अध्यक्ष अप्पाराव, सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, गॅस गळतोय असं समजून त्यांनी सबंध इमारतीचा गॅस मुख्य ठिकाणी बंद केला. ऐन स्वयंपाकाची वेळ. घरोघरी भात अर्धकच्चा राहिला. शेवटी अप्पारावांनी आमचं दार वाजवलं आणि मी उघडलं. माझं नाक, कपाळ आणि दोन्ही हात निळे. “एमंडी रामचंद्रगारू,” म्हणाले, “हे काय?” मी म्हटलं, पोपट आहे. त्यांनी आत येऊन कापड पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग खाली जाऊन त्यांनी गॅस चालू केला आणि संध्याकाळी परत आले, विचारायला, की शेपटीला कुठला दोरा घालणार. तेव्हापासून ते रोज येतात. सुईत दोरा ओवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय आणि माझा टाका वाकडा गेला की ते धरण फुटल्यासारखा चेहरा करतात.

पोपटांचं सांगायचं तर, तुझ्या खाक्यातला पोपट एकदा सरळ आणि एकदा पालथा ठेवायचा असतो, म्हणजे चोचीला चोच लागते, हे मला माहीत नव्हतं. मी दोन्ही वेळा सरळच ठेवला. त्यामुळे दोन्ही पोपट एकाच दिशेला बघतायत, बससाठी उभे असल्यासारखे. मी उसवायला निघालो, तर वृषाली म्हणाली, राहू द्या बाबा, पुढचा रुसलाय आणि मागचा त्याला समजावतोय. मग राहू दिले. नंतर मला कळलं की खाक्याची एक बाजू गुळगुळीत असते आणि दुसरी खरखरीत, सुई जिथून बाहेर आली ती. डोळे मिटून बोट फिरवलं तरी सुलटं-उलटं समजतं. आता मी तसंच करतो. वेलाचं पान कुठे वळतं, कोयरी कुठे मिटते, सगळं बोटाला लागतं. (मृण्मयीबाई, हे वाक्य कृपया दोनदा वाचा.)

एके दिवशी वृषालीचे आई-वडील अचानक आले. मी मांडीवर दुपटं घेऊन शिवत होतो. व्याही आले म्हणून उठायला गेलो, तर दुपट्याबरोबर लुंगीही निघाली. तिन्ही थर आणि चौथी लुंगी, असं एकत्र शिवून झालं होतं. मी तसाच खाली बसलो आणि बसल्या बसल्याच पाऊण नमस्कार केला. व्याह्यांना वाटलं, हाताबरोबर पायही गेला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून धीर दिला, विहीणबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि रजनी चहा करायला म्हणून आत गेली ती हसू आवरेपर्यंत आलीच नाही. ते जाईपर्यंत मी उठलो नाही. पण त्या रात्री उसवताना एक गोष्ट लक्षात आली. लुंगीला घातलेले टाके अगदी बारीक आणि सारखे होते. दुखतंय की नाही हे बघायला मी विसरलो होतो, म्हणून ते तसे आले. दुसऱ्या दिवशी कुलदीपसमोर मूठ मिटून दाखवली. करंगळी बाहेर राहिली, पण तीही ऐकेल.

तर अक्का, आता अडचण. काठाचा वेल चारी बाजूंनी छान फिरला, तीन कोपरे मी पोपटांच्या जोड्यांनी झाकले. चौथ्या कोपऱ्यात वेलाची दोन टोकं एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये चार बोटं रिकामी राहतात. अप्पारावांच्या मते हा मोजमापाचा दोष, माझ्या मते कापडाचा. कोपरा वळवायचा तुझा वेगळा खाका असणार. ट्रंकेत खूप शोधलं, मिळाला नाही. तुझ्याकडे बीदरलाच राहिला असेल. तेवढा बघावा, ही विनंती. भाऊजी गेल्यापासून तू सुई हातात धरली नाहीस, हे मला ठाऊक आहे. मी शिवायला सांगत नाही, फक्त कागद शोधायला सांगतोय.

वरुण-वृषालीचे नमस्कार. अप्पारावांचाही, ते इथेच बसलेत.

तुझा धाकटा,
रामचंद्र

ता. क. कागद जुना, पातळ आहे. कुरियरने पाठवू नकोस, फाटेल. कोणीतरी हातात धरून आणलेला बरा. वरुण रविवारी गाडी घेऊन बीदरला येतोय, सहज.

ता. क. दुसरा: वरुणच्या ओळखीचे डोळ्यांचे एक डॉक्टर आमच्या शेजारीच राहतात. त्यांचा आणि या पत्राचा काही संबंध नाही.

वन्संना रजनीचा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून ही पुरवणी. कोपऱ्याचा खाका पहिल्याच दिवशी सापडला. यांनीच तो मला माझ्या कपाटात ठेवायला लावला. डॉक्टरांची वेळही यांनीच घेऊन ठेवलीय. पण हे सगळं कळल्यावरसुद्धा तुम्ही रविवारी गाडीत बसाच. बाळाच्या अंगावरच्या दुपट्यात एक तरी कोपरा नीट हवा, आणि अप्पाराव आता तिथे धरण काढू या म्हणतायत.