लाईट गेली नव्हती

अहो,

आज दुपारी समुद्र आला. म्हणून लिहायला बसले.

एकतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला मी एकही पत्र लिहिलं नाही. गरजच काय होती? तुम्ही संध्याकाळी चितेगावच्या कंपनीतून यायचात आणि जे सांगायचं ते मी दारातच सांगून टाकायचे, तुमचे बूट निघायच्या आत. आता सव्वा वर्ष झालं, दारात कोणी येत नाही. एक गोष्ट मात्र अशी आहे की ती मी आपल्या नितीनलाही सांगितलेली नाही. तुम्हाला ती ठाऊकच आहे. तरी तुम्हालाच सांगायची आहे.

पण आधी त्या गेमबद्दल बोलू द्या. हसायचं असेल तर हसून घ्या!

नितीन नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचं गेमचं काळं मशीन टीव्हीखाली तसंच राहिलं. तुम्ही तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. सगळी हयात मेन्टेनन्स फिटर म्हणून गेलेली, हात कुठं गप्प बसतात! घरातला मिक्सर, पंखे, नळ दोनदोनदा उघडून झाले. शेजारच्या शकीला भाभींचा कूलर तर नीट चालत होता, तोही तुम्ही उघडलात. मग एक दिवस धूळ पुसायला म्हणून ते मशीन काढलंत आणि फोनवर नितीनला विचारत विचारत टीव्हीला लावलंत. झालं! तेव्हापासून मी बोलायची आणि तुम्ही "हं, हं" म्हणायचात.

काय तर म्हणे, पृथ्वीवरची माणसं कधीच निघून गेलेली. मागं राहिले ते त्यांचे सैनिक. दिसायला माणसासारखे, आतून सगळी यंत्रं. त्यांनी लोखंडी राक्षसांशी लढायचं. हुकूम दुरून येतो, देणारा जिवंत आहे का मेला, हेही त्यांना माहीत नाही. त्यातला एक तुमचा. त्याला तुम्ही हवालदार म्हणायचात. करडा कोट, आणि डावा हात निराळ्याच रंगाचा, कारण तो तुम्हीच बदललेला.

"ह्याचा खांदा लई धरला होता, नवा बसवला बग," असं तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊन सांगायचात, जसा काही घरचा पाहुणाच आजारी आहे.

"लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर देवधर्म करतात," मी म्हणायची. "आमचे खेळण्यातले शिपाई सांभाळतात."

"अगं, ह्यांचं एक बरं हाय. ह्यांना पाणी लागत नाय."

त्यावर मात्र मीही हसले होते. कारण ते वर्षच तसं होतं. जायकवाडी धरण तळाला गेलेलं. आपल्या उस्मानपुऱ्यात आठवड्यातून एकदा नळ, तोही कधी येईल याचा नेम नाही. तिकडं बायपासला रोज एक नवी बिल्डिंग उभी राहायची, कंपाउंडवर चोवीस तास पाण्याची जाहिरात आणि फाटकात टँकर! नळाच्या दिवशी मी साधं देवळातसुद्धा जायची नाही. ड्रम, कळश्या, पातेली, अगदी दुधाचा गंजसुद्धा दारात मांडून बसायची.

आणि तुमचं ते रजिस्टर! कंपनीत पाळी संपताना पुढच्या पाळीच्या माणसासाठी लिहून ठेवायचं असतं ना, तसंच तुम्ही गेमचंसुद्धा लिहायचात. पट्टीनं रकाने पाडलेले. तारीख, काय काम झालं, काय राहिलं, चार्ज देणार, चार्ज घेणार. एकदा मी विचारलं, "चार्ज घेणार कोण आहे इथं? मी?" तर म्हणालात, "सवय गं. लिवल्याशिवाय पाळी संपल्यासारखी वाटत नाय." एकदा माझ्याकडून त्यावर चहा सांडला, मी पान फाडायला निघाले तर केवढे चिडलात! "रजिस्टरचं पान फाडायचं नसतंय. खाडाखोड पण नाय. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पायजे, बाजूला खरं काय ते लिवायचं अन् सही ठोकायची." आयुष्यात तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो मोजून तीन-चार वेळा. त्यातली एक ही.

आता त्या दिवसाचं.

दुपारचे तीन वाजले होते. नळाचा दिवस नव्हता. तरी बाहेरून शकीला भाभी ओरडल्या, "भाभी, नल आ गया! जल्दी करो!" मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. तुम्ही टीव्हीसमोर पाटावर बसलेले.

"उठा, पाणी आलंय!"

"दोन मिनिटं. सेव्ह करतो."

"ड्रम उचलायचाय, मला एकटीला जमत नाही. उठा!"

"अगं ये हिकडं, समुद्र आलाय! बग तरी!"

समुद्र! दारात आठ दिवसांनी पाणी आलेलं आणि ह्यांना टीव्हीत समुद्र दिसतोय. माझा राग आधीच नाकावर. मी पाहिलंसुद्धा नाही. वाकले आणि भिंतीतला प्लग ओढून काढला.

टीव्ही काळा झाला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. उठलात, ड्रम बाहेर नेलात आणि पाणी जाईपर्यंत मुकाट्यानं भरत राहिलात. नंतर म्हणालात, "च्या टाक." मला वाटलं, बरं झालं, एकदाची अद्दल घडली.

दुसऱ्या दिवशी बघते तर हवालदार पुन्हा कुठल्याशा पडक्या कारखान्यात, अंगावर फाटका कोट, डावा हात जुनाच. मी विचारलं, "हे काय, मागं आलात?" तुम्ही म्हणालात, "व्हय, जरा पहिल्यापासून बघतो." मी पोळ्या लाटायला गेले. इतकंच विचारलं मी! पोळ्या काय पळून जात होत्या?

त्यानंतर दीड महिन्यानं तुम्ही गेलात. सकाळी चहा घेतलात, छातीत कळ आली म्हणालात आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. ते मला अजून जमत नाही.

तेराव्यानंतर नितीननं ते मशीन लावलं. रजिस्टर मांडीवर घेऊन तो वाचत होता. एकदम थांबला. "आई, बाबा तर समुद्रापर्यंत पोचले होते. इथं लिहिलंय बघ."

तुमच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं. "समुद्र आला. सेव्ह चालू असताना लाईट गेली. फाईल खराब. उद्यापासून पुन्हा सुरुवात."

लाईट गेली.

नितीन मला समजावून सांगत होता. सेव्ह होताना पडद्यावर एक खूण लुकलुकते, मशीन बंद करू नका म्हणून. नेमकं तेव्हाच बंद झालं की होतं नव्हतं ते जातं. "तीन महिन्यांचं गेलं गं त्यांचं. आणि परत तिथवर पोचलेच नाहीत, अर्ध्यात पुलापाशीच आहेत."

आणि मी काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, "इथल्या लाईटीचा काही भरवसा नाही बाबा." तुम्ही मला झाकलंत, आणि मी त्या खोट्यावर वरून तुपाची धार धरली!

तुम्ही असं का केलंत हो? ते रजिस्टर कोण वाचणार होतं? कोणता साहेब तपासायला येणार होता? माझ्यावर ओरडायचं होतंत. पाचवी वेळ झाली असती, काय बिघडलं असतं? स्वतःच्या वहीतसुद्धा माझं नाव लिहिलं नाहीत. मला तेव्हा रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

नितीन मशीन पुण्याला नेणार होता. मी म्हणाले, राहू दे. "तू काय करणार त्याचं?" म्हणाला. "पुसत जाईन," म्हणाले.

सुरुवातीला खरंच तेवढंच करायची. पुसायची आणि लावून ठेवायची. कुणी बटण दाबलं नाही की हवालदार कोटाची बाही झटकतो, इकडं तिकडं बघतो आणि पुन्हा उभा राहतो. मी आत भाजी चिरत असायची आणि बाहेर तो बाही झटकत असायचा. घरात कुणीतरी उभं आहे, एवढंच पुरे व्हायचं. एकटं वाटतं हो फार. माणसाला सांगायला लाज वाटते, म्हणून यंत्र लावून ठेवायची.

मग एक दिवस वाटलं, हा बिचारा किती दिवस त्या पुलापाशी उभा राहणार? मी याला समुद्रापाशी नेऊन सोडते. जिथून मी याला ओढून काढलं, तिथं मीच नेईन.

काय सांगू माझी फजिती! त्या गेमच्या रिमोटवर डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं. माझा हवालदार आभाळाकडं बघत खड्ड्यात जायचा. पुलावर किती वेळा मेला त्याची गणतीच नाही. अक्षरं सगळी इंग्रजी. शेवटी तुमचं रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलं, आणि तुम्ही बोलायलाच लागलात. "पुलावर घाई नको. दोन राक्षस दिसतात, तिसरा मागून येतो." "गिरणीत शिरण्याआधी उजव्या हाताचा जोड बघून घेणे." "इथे पडल्यास घाबरू नये, खाली वाळू आहे." घाबरू नये! हे कुणासाठी लिहिलंत? एवढं सविस्तर माझ्याशी तरी कधी बोललात का हो?

सगळं जेवण उरकून दुपारी दोन तास बसायची. शकीला भाभी एकदा येऊन बघत राहिल्या. म्हणाल्या, "क्या भाभी, तुम भी भाईसाब के माफिक हो गए!" मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

आणि आज गिरणीच्या मागची टेकडी चढून हवालदार वर आला, तर समोर समुद्र.

निळा नाही, करडाच आहे. तुम्ही सांगितलं नव्हतंत. लाटा येतात आणि आवाज येतो. आपण तीनदा कोकणात जायचं ठरवलं आणि तीनदा राहिलं. शेवटच्या वेळी तर नळ चुकेल म्हणून मीच नको म्हणाले. खरा समुद्र तुम्ही बघितला नाहीत. हा एवढाच बघितलात, तोही अर्धं मिनिट, आणि तेवढ्यातही मला हाक मारलीत. मी आले असते तर दोघांनी बघितला असता.

मी रिमोट खाली ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "आले हो, बघतेय." आणि मग मला रडू आलं. सव्वा वर्षाचं सगळं आलं.

डोळे पुसून सेव्हचं बटण दाबलं. ती खूण लुकलुकायला लागली, आणि काय सांगू, बरोब्बर तेव्हाच बाहेरून शकीला भाभींची हाक! "भाभी, नल आ गया! कहां हैं तुम?" पाय आपोआप उठले. पण मी हलले नाही. नळ वाहू दे, ड्रम रिकामा राहू दे! ती खूण विझेपर्यंत त्या पडद्याकडं बघत उभी राहिले. ती विझली. मग बाहेर गेले. भाभींनी तोवर माझा अर्धा ड्रम भरला होता.

पाणी भरून झालं आणि रजिस्टर घेतलं. तुमच्या त्या ओळीपाशी आले. खाडाखोड केली नाही, पान फाडलं नाही. "लाईट गेली" वर पट्टीनं एकच रेघ मारली, खालचं वाचता येतंय. बाजूला लिहिलं, "लाईट गेली नव्हती. मंगलने प्लग काढला." आणि सही ठोकली. तुमचा शब्द मी खोडला. रागावू नका. तुम्ही मला झाकलंत ते मला कळलं, पण रजिस्टरात खरंच पाहिजे, हेही तुम्हीच सांगितलंत.

रविवारी नितीनचा फोन येईल. त्यालाही असंच सांगेन, जसं घडलं तसं. तो काय म्हणायचं ते म्हणो.

आणि आणखी एक कबूल करते. समुद्राच्या पुढं काय आहे, ते तुमच्या वहीत नाही. पुन्हा पुलापर्यंत आलात तेवढं लिहिलंय, त्यानंतरची पानं कोरी आहेत. हवालदाराला मी तिथं एकटा उभा ठेवणार नाही. उद्या दुपारी त्याला किनाऱ्यानं पुढं नेईन आणि जे दिसेल ते रोजच्या रोज लिहीन, तुम्हाला वाचता येईल अशा अक्षरात. शेवटचा तो रकाना तुम्ही पान न् पान रिकामा ठेवलात. आज तो भरला.

चार्ज देणार: तुम्ही

चार्ज घेणार:
मंगल