एका अक्षराची भीती

बोराडी, ३ जुलै

ती. ज्योत्स्नाअक्कास,
शि. सा. न. फोनवर बोलले की सगळं घर ऐकतं, म्हणून लिहितेय. नववा आठवडा लागला. दवाखान्यात रक्त तपासलं, तर मी आणि बादल दोघंही सिकलसेलचे वाहक निघालो. आपला भाऊ बिजला ज्यानं गेला, तेच हे. हाडं दुखायची तेव्हाचं त्याचं ओरडणं अजून कानात आहे. बादल तोंडच उघडत नाही. डॉक्टरीणबाई बाळाचीही तपासणी करायला सांगतात, पण सासूबाई म्हणतात, पोटातल्या जिवाला सुई लावू नको. तू लॅबमध्ये आहेस, खरं सांग. गोड बोलून फसवू नकोस.
तुझ्या धीरावर उभी,
रोशनी

जळगाव, ८ जुलै

चि. रोशनीस,
अ. उ. आ. वेडे, यात तुझी चूक नाही. पेशी दुभंगण्याआधी तिच्यातला डीएनएचा दुपदरी धागा उकलतो. प्रत्येक पदर आपल्या जोडीचा नवा पदर जुळवतो, एका धाग्याचे दोन होतात. पिढ्यांपूर्वी कधीतरी या धाग्यावरच्या मजकुरातलं एक अक्षर चुकलं आणि तीच चूक इमानानं उतरत आली. तुम्हा दोघांकडे त्या मजकुराची एकेक प्रत नीट, एकेक बिघडलेली. दोन्ही बिघडलेल्या बाळाला मिळाल्या तरच आजार. शक्यता चारात एक.
तपासणीला सुईनं बाळाला पोसणाऱ्या वारेचा कणभर तुकडा घेतात. त्यातला डीएनए तापवून पदर सुटे करतात, गार करून जोड्या लावतात. असं तीसेक वेळा केलं की ते अक्षर वाचण्याइतक्या प्रती होतात. सुईत थोडा धोका असतो, तोही लपवत नाही. मीही घाबरलेय. तपासणीच्या दिवशी मी धुळ्याच्या दवाखान्यात येते.
जपून राहा, जेवत जा.
तुझी अक्का

बोराडी, २६ जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. तपासणी झाल्यावर तुझी बस सुटेपर्यंत रडले नाही, घरी येऊन रडले. पोटात जरा दुखलं तरी दचकते. भाकरी थापताना हात थांबतो. आत्ता आत धागे उकलत असतील, कोणतं अक्षर उतरलं असेल? सासूबाई अंगारा लावतात, मी लावू देते. बादल माझ्याकडे बघत नाही. मला त्याचीही भीती वाटायला लागलीय.
लोभ आहेच, धीरही पाठव.
रोशनी

बोराडी, ५ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. बाळाला आजार नाही. एकच प्रत बिघडलेली, माझ्यासारखी. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचे पाय धरले.
बादल मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला आणि मग बोलला. आश्रमशाळेत आठवीतच त्याची तपासणी झाली होती, वाहक असल्याचं कार्डही मिळालं होतं. लग्न मोडेल म्हणून त्यानं ते पेटीत लपवलं. मी म्हटलं, सांगितलं असतं तरी कदाचित मी होच म्हटलं असतं. पण हा महिना एकटीनं भ्याले नसते. बसमध्ये आम्ही वेगळ्या सीटवर बसलो. शिरपूर आल्यावर त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली, दोन घोट प्यायले.
बाळाला कार्ड मिळेल ते मी पेटीत ठेवणार नाही. दारासमोरच्या भिंतीवर लावणार आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.
माया राहू दे.
तुझी रोशनी