शेवटचं नातं

आई, आज दादाला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि तुझं रोह्याचं स्वयंपाकघर आठवलं. धाटावच्या कारखान्यांतल्या कामगारांचे डबे तू भरायचीस ते. तू भाकऱ्या थापते आहेस, दारातून कोणीतरी सांगतं, "काकी, माझी शिफ्ट बदलली, आज दुसरीला जातो." मी व्हय म्हणते आणि त्याचा डबा सकाळच्याच बसने पाठवून देते. तो माणूस उपाशी राहिला तेव्हा तू माझ्यावर केवढी चिडलीस. "आधीचं सोड गो. आता काय बोलला ते ध्यानात ठेव."

पेणच्या दवाखान्यात मी आता तेच मोजते. भाज्या, भांडी, नाती असे शब्द मिसळून एकेक ऐकवायचे आणि मग विचारायचं, प्रत्येकातलं शेवटचं कोणतं? नवा शब्द आला की जुना टाकता यायला हवा. विसरणं हाच तेवढा आजार असं लोकांना वाटतं. काहींना टाकताच येत नाही, आणि ते लवकर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दादाला कंपनीने पाठवलंय. आधीच्या पाळीवाल्याने जाताना सांगितलं होतं, व्हॉल्व्ह बंद केलाय. दादाने मान डोलावली आणि तो रोजच्यासारखा उघडाच आहे असं धरून काम सुरू केलं. शेजारच्याने वेळीच पाहिलं म्हणून निभावलं. घरच्या माणसाची चाचणी आम्ही घ्यायची नसते. पण तो म्हणाला, "दुसऱ्या कोणासमोर नाय बसणार मी," आणि मी दार लावून घेतलं.

भाज्या, भांडी अडखळत का होईना, जमली. निकाल अगदी काठावर, एका उत्तरावर अडला होता. नात्यांत मी आधी आई म्हटलं होतं, मग काका, शेवटी मावशी.

"नात्यातलं शेवटचं काय होतं, दादा?"

"आई," तो लगेच म्हणाला. मग माझ्याकडे बघत राहिला. "बरोबर हाय ना गो?"

मला भीती वाटते आहे, आई. काम सुटलं तर तो खचेल. नाही सुटलं तर त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्यांचं काय, हे मला चांगलं कळतं. तू असतीस तर मला त्याची चाचणी घ्यायला बसूच दिलं नसतंस, आधी रागावली असतीस.

उद्या कागद कंपनीत जाईल. 'आई'पुढे मी बरोबरची खूण केली आहे, आणि ती मला अजून खोडवत नाही.