केदारच्या टिपणावर मी मारलेला शेरा

मी, श्यामसुंदर विष्णु खांबेटे, वय वर्षे त्र्याहत्तर, सरकारी खरेदी विभागातून निवृत्त झालेला मुख्य लिपिक, राहणार कर्वेनगर, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. पत्नी सौ. कुसुम समोर बसली आहे. परंतु गेले दोन महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोलते, त्यामुळे दबावाचा प्रश्न येत नाही. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. मग एवढ्या फॉर्मांवर सह्या कशाला घेतल्या, ते मात्र सांगितले नाही.

कलम १. कर्वेनगरचा राहता फ्लॅट माझ्या स्वतःच्या कमाईचा आहे. माझ्यानंतर तो माझी सून श्रीमती स्वराली हिच्या एकटीच्या मालकीचा होईल. कुसुमला तेथे हयातभर राहण्याचा हक्क राहील. स्वराली पुन्हा लग्न करणार आहे. लग्नानंतरही फ्लॅट तिचाच. हे ठासून लिहिण्याचे कारण असे, की पुढे कोणीतरी ते वाकडे वाचणार आहे.

कलम २. ते कोणीतरी म्हणजे माझा पुतण्या सलिल. माझा एकुलता एक मुलगा केदार गेला, त्याच्या दहाव्याचे विधी उरकून परतताना सलिलने गाडीतच विचारले, "काका, फ्लॅटचं आता काय ठरवलंयत?" चि. सलिल यास माझे अनेक आशीर्वाद. याखेरीज काही नाही.

कलम ३. बँकेतील ठेवी कुसुमच्या. तिने त्या कशासाठी मोडल्या, हे कोणी विचारू नये. मी चव्वेचाळीस वर्षे विचारले, तेवढे पुरे.

कलम ४. लोखंडी कपाटातील एकोणीस फायली रद्दीत द्याव्यात. त्यांत काय आहे ते लिहिणे भाग आहे.

आमच्या घरात नियम होता. रोजच्या गरजेबाहेरची वस्तू हवी असेल, तर मागणाऱ्याने टिपण सादर करायचे. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. तोट्यांत मी भर घालायचो आणि खाली शेरा मारायचो. मिक्सर, स्कूटर, फ्रीज, सगळे या वाटेने आले. स्वरालीचे स्थळसुद्धा. तिच्या तोट्यांत मी 'माहेर लांब' असे लिहिले होते, हे तिला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वी केदारने टीव्हीला जोडून खेळ खेळण्याचे यंत्र मागितले. तो त्याला कन्सोल म्हणे. वय छत्तीस, हिंजवडीत नोकरी, पैसे त्याचे. तरीही त्याने टिपण दिले, कारण तो माझा मुलगा होता. फायदे असे: कंपनीच्या बसमधून आल्यावर शिणलेले डोके हलके होईल. स्वरालीसोबत खेळता येईल. बाबांना शिकवता येईल, रविवारी आम्हा दोघांना बोलायला विषय नसतो.

उजवीकडे मी लिहिले: डोळे बिघडतील. बातम्यांच्या वेळी टीव्ही मिळणार नाही. यंत्र घेऊन भागत नाही, खेळ वेगळे विकत घ्यावे लागतात. दोन वर्षांत नवे निघेल, जुने अडगळीत. आणि पाचवा तोटा: मुलगा घराबाहेर पडणार नाही.

शेरा मारला, 'अधिक माहितीसह फेरसादर करावे.' त्याने केले. मी परत पाठवले. तिसऱ्या वेळी त्याने रकानेही आखले नाहीत. एकच ओळ लिहिली, 'खेळावंसं वाटतं.' मी खाली लिहिले, 'हे कारण होत नाही.' सही केली, तारीख घातली.

त्यानंतर त्याने मागितले नाही. दर रविवारी सकाळी तो विश्रांतवाडीला त्याचा मित्र प्रज्ञेश याच्याकडे खेळायला जाऊ लागला. मी खूश होतो. पोरगा घराबाहेर पडतो आहे, यंत्रही घ्यावे लागले नाही. अशाच एका रविवारी आळंदी रस्त्यावर टँकरने त्याला उडवले.

तेराव्याला प्रज्ञेश आला. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "तुझ्या घरी येत होता, म्हणून गेला." तो खाली मान घालून म्हणाला, "हो, काका." वाढायला उभी असलेली स्वराली तेव्हा म्हणाली, "त्यांना घरीच खेळायचं होतं, बाबा." प्रज्ञेश न जेवता गेला.

गेल्या महिन्यात मी त्याच यंत्रासाठी पुन्हा दोन रकाने आखले. तोटे एकेक करून सगळे खोडता आले. फायद्यांत लिहायला माणूस उरला नव्हता.

कलम ५. टिपणाचा नियम आजपासून रद्द. खरे तर तो दोन महिन्यांपूर्वीच जायला हवा होता. स्वरालीने लग्नाचे सांगितले आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, "टिपण करून ठेव." ती म्हणाली, "नाही करणार." कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, आणखी किती माणसं कागदावर मारणार आहात?" एवढे बोलून ती आत गेली. ती चुकीचे बोलली नाही. माझ्या मुलाला मी मारले, असे मला वाटते, आणि हे कोणी खोडून काढू नये.

कलम ६. शस्त्रक्रियेत माझे काही बरेवाईट झाल्यास स्वरालीचे लग्न वर्षभर लांबवू नये. ठरल्या तारखेला करावे. ते गृहस्थ कोण, काय करतात, हे मी विचारलेले नाही. न विचारता राहणे मला फार जड जाते आहे.

कलम ७. साक्षीदार म्हणून मी प्रज्ञेशला बोलावले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकिलांचे म्हणणे, म्हणून त्याच्या नावे काही लिहिलेले नाही. तो आत्ताच आला. दोन वर्षांनी या घरात पाऊल टाकले. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुला बोललो ते खोटं होतं. मला माफ कर." तो आधी केदारच्या फोटोपाशी गेला. मग खिशातून पेन काढून म्हणाला, "सही कुठं करायची, काका?"

मी जागा दाखवली.

लिहून देणार: श्यामसुंदर विष्णु खांबेटे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. प्रज्ञेश दत्तात्रय कुदळे, विश्रांतवाडी (सही)
२. डॉ. पूर्णिमा सहस्रबुद्धे, कर्वेनगर (सही)

पुणे, रविवार, दि. २३ नोव्हेंबर २०२५